तार कोणी बांधली

१२ जानेवारी

दादा,

आई बरी आहे. पाकिटावर माझं अक्षर पाहून तुला आधी तीच शंका येणार, म्हणून पहिल्याच ओळीत लिहिलं. गुडघे कुरकुरतात, पण तोंड उत्तम चालतंय. परवा दूधवाल्याला तिने असं झापलं की तो बिचारा जिना उतरताना दोन पायऱ्या चुकला.

तू लाँड्री सोडून गेलास त्याला आता वर्ष होईल. फोन केला की वहिनी उचलते आणि "ते बाहेर गेलेत" म्हणते. मागून तुझा खोकला ऐकू येतो. असू दे. पत्राला निदान "बाहेर गेलेत" म्हणता येत नाही.

कारण असं की मुख्य कचेरीने मला भाषण द्यायला बोलावलंय. हसू नकोस. कंपनीच्या वेगवेगळ्या केंद्रांत बारा नवीन सुपरवायझर नेमलेत. "चांगलं नेतृत्व" या विषयावर त्यांना कोणीतरी अनुभवी माणसाने तासभर सांगायचं आहे. गेल्या वर्षी आपल्या केंद्रातून दवाखान्यांना एकही खेप उशिरा गेली नाही, म्हणून साहेबांनी माझं नाव पुढे केलं. वीस फेब्रुवारीला आहे. वही उघडून बसले, "नेतृत्व म्हणजे" एवढं लिहिलं आणि पेन अडलं. शाळेत निबंधाला अडायचं तसंच. तेव्हा तू ओट्यावर बसून सांगायचास आणि मी लिहायचे, आणि मार्क मात्र माझे.

म्हणून तुलाच विचारतेय. ओल्या चादरीचं टोक कसं धरायचं इथपासून तू मला शिकवलंस. मशीनवरची निम्मी माणसं तुझ्या हाताखाली तयार झाली. मी डिप्लोमाचा कागद दाखवून तुझ्या डोक्यावर जाऊन बसले, आणि पहिल्याच दिवशी तू सगळ्यांसमोर मला "मॅडम" म्हणालास. मला हसू आवरेना. तू मात्र हसला नव्हतास. दोन-चार मुद्दे लिहून पाठव. मोठं काही नको.

झालं ते झालं. त्यात तसा कोणाचाच दोष नव्हता, मशीनच जुनं होतं. आईचा तुझ्यावरचा रागही निवळेल हळूहळू. तिला थोडा वेळ दे.

तुझी धाकटी


२८ जानेवारी

दादा,

तुझं कार्ड आलं. "मुद्दे चिमणीला विचार." तीन शब्द, वर नाव नाही, खाली सही नाही. पोस्टमनने हातात देताना वाचलंच असणार, म्हणाला, "कोणीतरी घाईत दिसतंय." मी म्हटलं, हो, आमचा दादा कामात असतो.

चिमणीकडे जायला मला वेळ मिळालेला नाही. महिन्याअखेरीस किती धावपळ असते ते तुला सांगायला नको. दुसरं म्हणजे ती आता मशीनवर नाही, हात तसा झाल्यावर ती नेतृत्वाबद्दल काय सांगणार? मी बॉयलरकाकांना विचारलं.

काका तसेच आहेत. कारखान्याच्या आत मला "मॅडम" म्हणतात आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की "पोरी". दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्या बॉयलरखोलीत गेले. तिथे स्टुलावर बसून ते डबा खात होते आणि एक डोळा वाफेच्या काट्यावर. मी सरळ विचारलं, "काका, एवढे सुपरवायझर पाहिलेत तुम्ही. चांगला कोणता?"

"पहिला," ते म्हणाले. "तोंडाने घाण होता. आईवरून शिव्या द्यायचा."

"मग चांगला कसा?"

"मी जाऊन म्हटलं, काटा वर चाललाय, की हातातला घास टाकून यायचा. एकदा नाही, दर वेळी. चार वेळा काही निघायचं नाही, मीच उगाच घाबरलेला असायचो. पाचव्या वेळीही यायचा. वर मलाच शिव्या द्यायचा, पण यायचा."

मी हे वहीत लिहून घेतलं. मग काकांनी डबा बंद केला आणि म्हणाले, "मॅडम, तुम्हाला शेवटचं 'नाही' कोण म्हणालं?"

"म्हणजे?"

"म्हणजे तुम्ही काही सांगितलंत आणि समोरचा म्हणाला, हे मी करणार नाही. असं शेवटचं कोण म्हणालं?"

मी म्हटलं, कोणी कशाला नाही म्हणेल, सगळे चांगलं काम करतात. काका म्हणाले, "हं." आणि काट्याकडे बघत बसले. 

दादा, वर्षभर माझ्या केबिनमध्ये जो येतो तो "सगळं ठीक आहे मॅडम" म्हणून जातो. मला तो आपल्या केंद्राचा मोठेपणा वाटत होता. घरी आल्यावर मी हिशोब जुळवत बसले की शेवटचं नाही कोण म्हणालं. तुलाही माहीत आहे आणि मलाही.

आधीच्या पत्रात "तू लाँड्री सोडून गेलास" असं लिहिलं होतं. तुला काढलं, असं लिहायला हवं होतं.

धाकटी


८ फेब्रुवारी

दादा,

गेले होते चिमणीकडे. रविवारी सकाळी.

तिचं घर शोधायला मला तीनदा विचारावं लागलं. वर्षभरात एकदाही गेले नव्हते. कारखान्यातून फुलं पाठवली होती, कार्डावर सही माझी होती, फुलं ऑफिसातल्या मुलीने निवडली होती. तिच्या दाराशी उभी राहिले तेव्हा वाटलं, घंटी वाजवली नाही तरी कोणाला कळणार आहे? तेवढ्यात दार तिनेच उघडलं, कचऱ्याची पिशवी घेऊन. माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "धरा, मी चप्पल घालते." मी पिशवी धरून उभी राहिले. सुपरवायझर झाल्यापासून मला असं बिनदिक्कत कोणी काम सांगितलं नव्हतं.

तिचा उजवा हात मी पहिल्यांदा नीट पाहिला. अंगठा आणि शेजारचं बोट शाबूत आहे. उरलेली तीन एकमेकांना चिकटल्यासारखी आखडलीत आणि मनगटापर्यंतची कातडी चकचकीत झालीय. मी बघतेय हे तिला कळलं. तिने हात लपवला नाही.

मी म्हटलं, "कशी आहेस?"

"वर्षभर उशीर झाला मॅडम तुम्हाला. तरी बरी आहे."

चिमणी पूर्वीसारखीच बोलते, चिवचिव, मध्ये श्वास न घेता. मी भाषणाबद्दल सांगितलं. तुझ्या कार्डाबद्दल सांगितलं. ती खो खो हसली. मग हसायचं थांबली आणि म्हणाली, "तुमचे दादा गाव सोडून जाईपर्यंत दर रविवारी यायचे. इथेच बसायचे, या खुर्चीत. भाजी चिरून द्यायचे. नोकरी गेलेला माणूस माझी भाजी चिरतोय, आणि मला एकदाही म्हणाले नाहीत की तार कोणी बांधायला लावली."

मी त्या खुर्चीकडे बघितलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "मी तिथेच उभी होते, मशीनच्या पलीकडे. मला बुटकी म्हणून कोणी बघत नाही, पण मला सगळं ऐकू येतं."

मी विचारलं, "मग चौकशीत बोलली का नाहीस?"

"विचारलं कोणी? अहवाल लिहिला गेला तेव्हा मी दवाखान्यात होते. हात माझा, आणि मलाच कोणी विचारलं नाही की बाई, काय झालं. कागद तयार होऊन आला. वाचला मी. त्यात माझं नाव दोनदा आहे, दोन्ही वेळा चुकीचं लिहिलंय."

दादा, तो कागद मी वाचून सही केला होता. नाव चुकलेलं मला दिसलं नव्हतं.

उठताना मी तिला विचारलं, काही हवंय का. मला वाटलं ती रडेल, नाहीतर भांडेल. ती म्हणाली, "काम हवंय. डाव्या हाताने घड्या घालायला शिकलेय मी. टॉवेल, उशीचे अभ्रे, सगळं. तीनदा अर्ज टाकला. तुमच्याकडेच येतो ना अर्ज?"

येतो. माझ्या टेबलाच्या उजव्या खणात आहेत, तिन्ही.

जाता जाता ती म्हणाली, "तुम्हाला मुद्दे हवे होते ना? हा एक घ्या. पाय दुखला तरी माणसाकडे चालत जायचं. फुलं पाठवायची नाहीत."

आता लिहिते, म्हणजे माझ्या हातून एकदा तरी कागदावर उतरेल. 

इस्त्रीच्या रोलरच्या तोंडाशी ती आडवी दांडी होती. हात फार पुढे गेला, दांडीला लागला, की मशीन जागेवर थांबायचं. दांडी सैल झाली आणि उगाचच, कोणी न लागताही, मशीन थांबायला लागलं. तापलेल्या रोलरखाली अडकलेली चादर करपायची. तीन दवाखान्यांचा माल साठला होता. तू आलास आणि म्हणालास, मला मशीन एक तास बंद करून दे, मी खोलून बसवतो. मी म्हटलं, एक तास नाही, दांडी तारेने बांधून टाक. तू नाही म्हणालास. दुपारी मी परत सांगितलं. तू परत नाही म्हणालास. संध्याकाळी साहेबांचा फोन येऊन गेला आणि मी मशीनपाशी आले. सगळ्यांसमोर म्हणाले, "दादा, इथे मी तुझी बहीण नाही. तार बांध."

तू बांधलीस. तिसऱ्या दिवशी चादरीबरोबर चिमणीचा हात आत गेला आणि मशीन थांबलं नाही.

धाकटी


२१ फेब्रुवारी

दादा,

भाषण झालं.

तुला वाटेल मी तिथे उभं राहून सगळं सांगून टाकलं असेल. मीही घरून तसंच ठरवून निघाले होते. साडीच्या निऱ्या तीनदा सोडून परत घातल्या. 

मुख्य कचेरीची ती बैठकीची खोली तू पाहिलेली नाहीस. लांब टेबल, प्रत्येकासमोर पाण्याची बाटली, भिंतीवर हसऱ्या कामगारांचे फोटो. बारा जण. निम्मे माझ्याहून मोठे. साहेबांनी माझी ओळख करून दिली, "ज्यांच्या केंद्रातून वर्षभरात एकही खेप उशिरा गेली नाही." टाळ्या पडल्या. टाळ्या ऐकल्या आणि घरून ठरवलेलं पहिलं वाक्य मी गाळलं.

बॉयलरकाकांचं सांगितलं. पाचव्या वेळीही यायचं, हे त्यांना आवडलं, सगळ्यांनी लिहून घेतलं. चिमणीचं सांगितलं, फुलं पाठवायची नाहीत, ते. मग तुझं सांगितलं. पण असं, "एका केंद्रात एकदा असं घडलं." एका सुपरवायझरने घाईपोटी फिटरला सुरक्षेची दांडी बांधायला लावली. एका बाईचा हात गेला. आवाज अगदी स्थिर होता माझा. जणू पेपरात वाचलेली बातमी सांगतेय. शेवटी म्हटलं, यातून आपण शिकायचं की हाताखालचा माणूस नाही म्हणतो तेव्हा ऐकावं. परत टाळ्या.

साहेब खाली बघत होते. त्यांना माहीत आहे. त्यांनी चौकशीत मला विचारलं होतं, "तार कोणी बांधली?" मी म्हटलं, "फिटरने." पुढचा प्रश्न त्यांनी विचारला नाही आणि मी उत्तर दिलं नाही. दोघांचंही भागलं. अहवालात "फिटरने वरिष्ठांना न कळवता" असं आलं, मी सही केली. तुला आत बोलावलं. तू म्हणालास, "हो, मी बांधली," आणि माझ्याकडे बघत उभा राहिलास. मी पेनाचं टोपण लावत होते. किती वेळ लागतो टोपण लावायला?

तर भाषणानंतर प्रश्न. एक चष्मेवाली बाई, पन्नाशीची असेल, शिवणखात्यातून वर आलेली, तिने हात वर केला.

"त्या सुपरवायझरचं पुढे काय झालं?"

मी म्हटलं, "ती कामावर आहे."

"आणि फिटर?"

"तो नाही."

ती म्हणाली, "मग आम्ही यातून नक्की काय शिकायचं, बाई?"

टोमणा नव्हता तो. तिला खरंच लिहून घ्यायचं होतं, पेन तयार होतं तिचं. मी पाणी प्यायले. साहेब म्हणाले, वेळ संपला, चहा घेऊ या.

चहा झाला. मला फोटोफ्रेम दिली. बसमध्ये ती मांडीवर घेऊन बसले होते आणि शेजारच्या बाईने विचारलं, "बक्षीस मिळालं वाटतं?"

धाकटी


३ मार्च

दादा,

आज दोन गोष्टी केल्या. तुला कळवायला उशीर नको म्हणून लगेच लिहितेय.

पहिली. मी लेखी जबाब दिला. एक पान. तार मी बांधायला लावली, फिटरने दोनदा नकार दिला, तिसऱ्यांदा मी अधिकार वापरून हुकूम दिला, अहवालातलं "वरिष्ठांना न कळवता" हे खोटं आहे आणि खोटं आहे हे माहीत असून मी सही केली. एवढंच. चिमणीचं नाव बरोबर लिहिलं. खाली सही करून साहेबांच्या टेबलावर ठेवलं.

त्यांनी वाचलं, उठून दार लावलं. "बाई, गाडलेलं उकरून कोणाचं भलं होणार? तुमच्या दादांना दुसरीकडे काम मिळालंय ना?"

मी म्हटलं, "मला माहीत नाही. तो माझ्याशी बोलत नाही."

"मग कशासाठी?"

"साहेब, तुम्ही तेव्हा दुसरा प्रश्न विचारायला हवा होता. आणि तुम्ही विचारला नाहीत तरी मी उत्तर द्यायला हवं होतं. माझं मी देतेय."

ते म्हणाले, हा कागद मी पाहिला नाही असं समजा, दोन दिवस विचार करा. मी म्हटलं, एक प्रत कारखाना निरीक्षकांना सकाळीच टपालाने गेली. त्यांचा चेहरा पांढरा पडला. दादा, मला त्यांची कीव आली. माझाही वर्षभर असाच असेल चेहरा, फक्त बघायला समोर कोणी नव्हतं.

शूर वगैरे समजू नकोस. टपालाच्या पेटीत पाकीट अर्धं घालून मी बराच वेळ उभी होते. मागे एक म्हातारे गृहस्थ होते, ते वैतागून म्हणाले, "टाका नाहीतर काढा." मी टाकलं.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती. आईला सांगितलं.

तू तिला काय म्हणाला होतास ते मला आजवर नीट कळलं नव्हतं. ती मला नेहमी म्हणायची, "त्याने कबूल केलं, निदान खोटं तरी बोलला नाही." आज तिच्याकडूनच कळलं. तू म्हणालास, "आई, माझ्या हातून चूक झाली." ती तुला म्हणाली, "एका बाईचा हात गेला तुझ्यामुळे, माझ्यासमोर येऊ नकोस." आणि तू पायात चपला घालून गेलास. त्या वेळी मी कुठे होते? स्वयंपाकघरात. नळ सोडून भांडी घासत होते, ऐकू येऊ नये म्हणून.

आई पाटावर बसून शेंगा सोलत होती. मी समोर बसले आणि पहिल्यापासून सांगितलं. ती सोलत राहिली. माझं सांगून झालं तरी सोलत राहिली. शेंगा संपल्या तेव्हा तिने सालं गोळा केली, उठली, टाकून आली. मग म्हणाली, "वर्षभर माझ्या शेजारी झोपतेस तू."



धाकटी


२९ मार्च

दादा,

निरीक्षक येऊन गेले. साधासा माणूस, काखेत फाइल. त्याने कोणाला केबिनमध्ये बोलावलं नाही. मशीनपाशी खुर्ची मागवली आणि एकेकाशी तिथेच बोलला. चिमणीकडे तो स्वतः गेला. काकांनाही विचारलं. काका म्हणाले, "काटा वर्षभरापूर्वीच लालवर गेला होता साहेब, तुम्हाला आज दिसला." 

सोबत अहवालाची नवी प्रत जोडली आहे. दुसऱ्या पानावर तुझं नाव आहे, त्याखालचं वाचून घे. "फिटरने सुरक्षेच्या कारणास्तव दोनदा स्पष्ट नकार दिला होता." कंपनीकडून तुला वेगळं पत्र येईल, परत बोलावण्याचं. यायचं की नाही ते तुझं तू ठरव. मी सांगणारी कोणी नाही.

मला पदावरून काढलं. घडीच्या टेबलावर पाठवलं आहे, आणि पुढे काय ते वरून ठरायचंय. साहेबांची बदली झाली. नवीन सुपरवायझर कोण आली असेल? ती चष्मेवाली. पहिल्या दिवशी माझ्याकडे आली आणि म्हणाली, "मला आता तुमच्या भाषणाचा अर्थ लागला. तेव्हाच सांगितला असतात तर बरं झालं असतं." मी म्हटलं, हो. आणखी काय म्हणणार?

तिने आल्या आल्या रोलर बंद करायला लावला. दांडी खोलून नवीन भाग बसवला. भाग वर्षभर भांडारातच पडला होता, दादा, वेष्टन फोडलेलंही नव्हतं. तुला काढल्यावर मशीन बंद ठेवून बसवायला मी कधी सवडच काढली नाही, बाहेरच्या माणसाकडून ठोकून-ठाकून चालवत राहिले. मी टेबलापाशी उभी राहून घड्याळ बघत होते. तू एक तास मागितला होतास. चाळीस मिनिटं लागली.

चिमणी सोमवारपासून कामावर आहे, माझ्या शेजारीच. टॉवेलच्या घडीत ती डाव्या हाताने मला मागे टाकते आणि मोठ्याने मोजते, सगळ्यांना ऐकू जाईल असं. बाकीच्या बायका माझ्याशी फारशा बोलत नाहीत. दोघी-तिघी तुझ्या हाताखाली शिकलेल्या आहेत, त्या तर माझ्याकडे पाठ करून उभ्या राहतात. मी घड्या घालते.

धाकटी


६ एप्रिल

दादा,

हे पत्र आईचं आहे. तिला लिहिता येत नाही, म्हणून अक्षर माझं. तिने सांगितलं, मी बोलेन तेच लिहायचं, तुझं काही घालायचं नाही. खालचं तिचं.

"माझ्या लेका, मी तुला दारातून घालवलं. काय झालं ते विचारायला हवं होतं, मी विचारलं नाही. तुला वाटलं असेल आई तरी विचारेल. नाही विचारलं. तू बहिणीला पाठीशी घातलंस ते मला पटलेलं नाही, ते समोर आलास की बोलेन. चिमणी परवा घरी येऊन गेली. तिने तुझं भाजी चिरण्याचं सांगितलं. लहानपणी मी सांगितलं तर कधी चिरली नाहीस.

तुझ्या बहिणीने खोटं बोलून तुझी नोकरी घालवली आणि मला वर्षभर तुझ्याविरुद्ध ठेवलं. आता तिने खरं सांगितलं, ते बरं केलं. मी तिला घराबाहेर काढलेलं नाही. पण तिच्या हातचा चहा मी अजून घेत नाही, हेही लिही म्हटलं तिला. तिला क्षमा करायची की नाही ते तू माझ्यावर सोडू नकोस आणि मी तुझ्यावर सोडत नाही, ज्याचं त्याने बघायचं. सुनेला म्हणावं, फोन आला की तुझ्या हातात दे. मी करणार आहे, रविवारी सकाळी दहाला. मी बोलेन, तू नुसतं ऐकलंस तरी चालेल."

लिहून झाल्यावर आई म्हणाली, वाचून दाखव. मी दाखवलं. दुसऱ्या परिच्छेदापाशी तिने मला थांबवलं.

"परत वाच ते."

मी वाचलं, "तुझ्या बहिणीने तुझी नोकरी घालवली."

"मी तसं नव्हतं म्हटलं," आई म्हणाली. "खोटं बोलून, असं म्हटलं होतं."

तिला अक्षर ओळखू येत नाही, दादा. तरी तिने बोट नेमकं त्या ओळीवर ठेवलं आणि मी ते दोन शब्द घालेपर्यंत उचललं नाही. वर दाटीवाटीने लिहिलेले दिसतायत ते तेच. मुद्दाम गाळले होते की हातून राहिले, हे मला शपथेवरही सांगता येणार नाही.